कान झाकून घेणारं मूल

आपल्या प्रत्येकाच्या नात्यात, शेजारात किंवा मुलाच्या वर्गात असं एखादं मूल असतं. कुकरची शिट्टी झाली की ते कानांवर हात ठेवून दुसऱ्या खोलीत पळतं. नवा सदरा घातला की मानेपाशी बोचतंय म्हणून रडून घर डोक्यावर घेतं. नखं काढायची म्हटली तर त्याला धरायला दोन माणसं लागतात. न्हाव्याच्या खुर्चीवर बसवलं की असं किंचाळतं की रस्त्यावरची माणसं डोकावून पाहतात. मऊ भातात कांद्याचा एक तुकडा जिभेला लागला की त्याला उमळून येतं. याच्या अगदी उलट मूलही असतं. ते दिवसभर भिंतीवर, गादीवर, माणसांवर जाऊन आदळतं. गोल गोल फिरत राहतं आणि त्याला चक्कर येत नाही. गुडघा फुटून रक्त आलं तरी दुसऱ्या कुणी दाखवेपर्यंत त्याला पत्ता नसतो.

अशा मुलांसाठी आपल्याकडे नावं तयार असतात. हट्टी, लाडावलेलं, नाटकी, किरकिरं, धसमुसळं. त्यांच्या आईसाठीही एक वाक्य तयार असतं, 'तिला पोर सांभाळता येत नाही.' कुणी दृष्ट काढायला सांगतं, कुणी ताईत बांधायला, तर कुणी दोन रट्टे द्यायला. सल्ला देणारा आपल्या घरी निघून जातो. आई आणि मूल मात्र तिथेच राहतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच सदरा, तीच शिट्टी पुन्हा समोर असते.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण माझ्या मुलीचा मुलगा, आज आठ वर्षांचा, अशा मुलांपैकी एक आहे. त्याच्या निमित्तानं गेली पाच वर्षं आमच्या घरानं जे वाचलं, तज्ज्ञांना विचारून घेतलं आणि रोजच्या व्यवहारात करून पाहिलं, ते आज सांगावंसं वाटतं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना त्यातून थोडा आधार मिळेल. ज्यांच्या घरी नाही, त्यांना निदान दुसऱ्याच्या मुलाकडे कसं पाहावं हे कळेल.

सुरुवात शरीरापासून करू. शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा. पण मेंदूला बातमी पुरवणारी एवढीच खाती नाहीत. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांच्या शेजारी दोन बारीक पिशव्या. डोकं कुठे कललं, शरीर कुठे चाललं, हे त्या मेंदूला सांगतात. आपला तोल त्यांच्यावर चालतो. दुसरं खातं स्नायूंचं आणि सांध्यांचं. अंधारात आपला घास बरोबर तोंडात जातो, पेन्सिल किती जोरानं धरायची ते न बघता कळतं, ते या खात्यामुळे. तिसरं खातं पोटातल्या बातम्यांचं. भूक, तहान, लघवीची जाणीव, छातीतली धडधड. म्हणजे पाचाची आठ झाली.

या आठ ठिकाणांहून मेंदूकडे क्षणोक्षणी बातम्या येत असतात. तुम्ही हे वाचत असताना पंख्याचा आवाज येतोय, पायाला चप्पल लागतेय, मनगटावर घड्याळ आहे. पण हे सगळं मी सांगेपर्यंत तुमच्या लक्षात नव्हतं. मेंदूनं त्या बातम्या बिनमहत्त्वाच्या म्हणून बाजूला टाकल्या होत्या. काय ठेवायचं, काय टाकायचं, कशाचा आवाज मोठा करायचा आणि कशाचा लहान, ही निवड मेंदू सतत करत असतो. काही मुलांच्या मेंदूत ही निवडच वेगळी होते. त्यांना पंखाही ऐकू येतो, घड्याळही टोचतं, बाईंचं बोलणंही येतं आणि मागच्या बाकावरची कुजबुजही, सगळं एकाच वेळी आणि एकाच जोरानं.

मी मिरजेचा. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते. त्या घोडीचा माथा कारागीर अगदी बारीक घासतो, त्याला जवारी काढणं म्हणतात. तार तीच असते, छेडणारं बोटही तेच असतं. पण घोडीचा माथा जरा इकडचा तिकडे झाला तर एका तंबोऱ्यातून भरलेला गोड नाद येतो आणि दुसऱ्यातून नुसती झणझण. या मुलांचं तसंच आहे. कान तपासले तर ठीक निघतात, डोळे ठीक, त्वचा ठीक. बातमी आत पोचते ती बरोबरच असते, पण आत तिचा नाद वेगळा उमटतो. म्हणून 'एवढ्याशा शिट्टीला काय घाबरायचं' हे आपलं म्हणणं त्याच्यापुरतं खरं नसतं. ती शिट्टी त्याच्यासाठी एवढीशी नसतेच.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो ए. जीन एअर्स या अमेरिकन बाईंनी. १९२० साली जन्मलेल्या एअर्स ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या आणि मानसशास्त्रज्ञही. अभ्यासात आणि हालचालींत मागे पडणाऱ्या मुलांबरोबर त्यांनी कॅलिफोर्नियात काम केलं. इंद्रियांच्या बातम्या मेंदूत नीट जुळल्या नाहीत तर मुलाचं वागणं, शिकणं आणि हालचाल या तिन्हींवर परिणाम होतो, हे त्यांनी १९७२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलं. १९७९ साली त्यांनी खास पालकांसाठी सोप्या भाषेत दुसरं पुस्तक लिहिलं. १९८८ साली त्या वारल्या. पुढे विनी डन या संशोधक बाईंनी या मुलांच्या वागण्याचे चार प्रकार मांडले, आणि ते घरच्या माणसांना फार उपयोगी पडतात.

पहिल्या प्रकारात मुलाला थोडंसंही फार लागतं, आणि ते त्रास सोसत, कुरकुरत बसतं. दुसऱ्या प्रकारातल्या मुलालाही थोडं फार लागतं, पण ते तिथून पळ काढतं, कान झाकतं, टेबलाखाली शिरतं. तिसऱ्या प्रकारात मुलापर्यंत बातमी पोचायलाच पुष्कळ जोर लागतो. चार हाका मारल्या तरी ते वळत नाही, नाक वाहत असलं तरी त्याला कळत नाही. लोक अशा मुलाला मंद म्हणतात. चौथ्या प्रकारातल्या मुलालाही जोर जास्त लागतो, पण ते तो शोधत फिरतं. उड्या मारतं, आपटतं, कॉलर चावतं, माणसाला करकचून मिठी मारतं. एकाच मुलात हे प्रकार एकत्रही असतात. माझ्या नातवाला आवाज सोसत नाही, पण खांद्यावर जड दप्तर असलं की तो खूष असतो. लोकांना हे विसंगत वाटतं. 'मिक्सरला रडतो आणि गच्चीवरून उड्या मारायला भीत नाही, म्हणजे नाटकच,' असं म्हणतात. पण कान वेगळं खातं आहे आणि स्नायू वेगळं खातं आहे, हे कळलं की त्यात विसंगत काही उरत नाही.

अशी मुलं किती असतात? अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या पालकांना प्रश्नावली दिली होती. त्यात पाच टक्क्यांच्या आसपास मुलांत अशा अडचणी दिसल्या. म्हणजे साधारण वीस मुलांत एक. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत हे प्रमाण जास्त आढळतं. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांत तर हे फारच सर्रास दिसतं. २०१३ साली अमेरिकेत सोळा मुलग्यांच्या मेंदूंची खास चित्रं घेऊन एक छोटा अभ्यास झाला. त्यात अशा अडचणी असलेल्या मुलांच्या मेंदूतल्या जोडतंतूंच्या रचनेत, विशेषतः मेंदूच्या मागच्या भागात, फरक आढळला. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण एक गोष्ट सगळेच तज्ज्ञ सांगतात. आईनं कसं वाढवलं, तिनं किती लाड केले, यामुळे हे होत नाही.

मग हा रोग आहे का? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की डॉक्टरांमध्ये यावर मतभेद आहेत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आजारांची जी नवी सूची काढली, तिच्यात याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली नाही. मात्र त्याच सूचीत ऑटिझमच्या लक्षणांमध्ये आवाज, स्पर्श, वास यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं, याचा समावेश केला. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही असा सल्ला दिला होता की हे नाव निदान म्हणून वापरू नये, कारण याच्यामागे दुसरं काही असू शकतं. तेव्हा वाद आहे तो नावाचा. मुलाला त्रास होतो की नाही, याचा वाद नाही.

त्यामुळे असं मूल घरात असेल तर पहिली पायरी बालरोगतज्ज्ञांची. कान आणि डोळे तपासून घ्यावेत. बोलणं, नजर, खेळ यांत वयाच्या मानानं काही मागे आहे का, ऑटिझम किंवा अतिचंचलता आहे का, खूप चिंता करण्याचा स्वभाव आहे का, हे पाहून घ्यावं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं उभारली आहेत. मोठ्या शहरात जाऊन खर्च करण्याआधी आपल्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी जरूर करावी.

दुसरी पायरी ऑक्युपेशनल थेरपिस्टची. या शास्त्राचं आपल्या महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. भारतात याचं पहिलं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, आणि ते सुरू केलं अमेरिकेत जन्मलेल्या व लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी. हे थेरपिस्ट मुलाला खेळवता खेळवता त्याचं निरीक्षण करतात. झोका, मोठा चेंडू, चढायच्या शिड्या, वाळू, कणीक, अशी त्यांची हत्यारं असतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, नुसतं खेळायचे पैसे घेतात. पण कुठला झोका, किती वेळ, कोणत्या दिशेनं, यामागे हिशेब असतो.

या उपचाराचा गुण येतो का? २०१४ साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या ३२ मुलांवर झालेल्या अभ्यासात, घरच्यांनी ठरवलेली रोजची कामं, म्हणजे कपडे घालणं, जेवायला बसणं, यांत फायदा दिसला. २०२२ साली ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर मोठा अभ्यास झाला. त्यात नेहमीच्या मदतीपेक्षा या उपचाराचा वेगळा ठळक फायदा आढळला नाही. म्हणून माझं पालकांना सांगणं असं की उपचाराच्या सुरुवातीलाच एकदोन साध्या गोष्टी ठरवून घ्याव्यात. उदाहरणार्थ, 'तीन महिन्यांत त्याला न रडता नखं कापून घेता यावीत.' तीन महिन्यांनी ते जमलं का पाहावं. जमलं नाही तर थेरपिस्टशी बसून बोलावं. जो 'पूर्ण बरं करून देतो' म्हणून हजारोंचं पॅकेज गळ्यात मारतो, त्याच्यापासून चार हात दूर राहावं.

पण आठवड्यातला थेरपीचा तास म्हणजे एक तासच. उरलेले सगळे तास घरात जातात. आणि खरं सांगायचं तर आमच्या नातवाला सर्वांत जास्त फरक पडला तो घरात केलेल्या बारीकसारीक बदलांनी. त्यातले काही सांगतो.

सर्वांत आधी माझ्या मुलीनं एक वही घातली. केव्हा रडला, त्याआधी काय झालं होतं, कुठे होता, किती वेळ रडला, कशानं शांत झाला. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. त्याचं रडणं कारणाशिवाय नव्हतं, कारणं आम्हाला दिसत नव्हती इतकंच. बाजारातून आल्यावर अर्ध्या तासात होणारा आकांत हा बाजारातल्या गोंगाटाचा असायचा, घरातल्या कशाचा नव्हे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी ही वही घालाच. तिला खर्च काही नाही, आणि पुढे डॉक्टरांना दाखवायलाही ती उपयोगी पडते.

कपड्यांचं सोपं आहे. मानेमागची पट्टी उसवून काढायची. नवा कपडा दोन-तीनदा धुऊन मऊ करायचा. मोजे उलटे घालायचे, म्हणजे शिवण बाहेर राहते. शाळेच्या गणवेशाखाली जुना सुती गंजिफ्रॉक घालायचा. यात लाड नाहीत. आपल्या बुटात खडा गेला तर आपणही थांबून तो काढतोच.

आवाजाची युक्ती अशी की तो अचानक येऊ द्यायचा नाही. आमच्याकडे कुकर लावला की सांगतात, 'आता तीन शिट्ट्या होणार.' तो बोटं मोजतो. मिक्सरचं बटण त्याच्याच हातात देतात. स्वतः चालू केलेला आवाज पुष्कळ कमी भीतिदायक असतो, कारण तो बंद करणंही आपल्याच हातात असतं. फार गोंगाटाच्या जागी जाताना कारखान्यात कामगार कानांवर लावतात तसले जाड मफ त्याला लावतो. पण ते दिवसभर लावून ठेवू नयेत, असं थेरपिस्ट सांगतात, नाहीतर कानाला साधा आवाजही नकोसा होऊ लागतो.

स्पर्शाचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. हलका, अवचित स्पर्श या मुलांना बोचतो. सांगून केलेला, भरीव दाबाचा स्पर्श पुष्कळदा शांत करतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक बाई स्वतः स्वमग्न आहेत. त्यांना लहानपणी कुणी जवळ घेतलेलं सोसत नसे. अॅरिझोनात सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गोठ्यावर त्यांनी पाहिलं की टोचण्यासाठी गुरांना दोन फळ्यांमध्ये आवळून धरतात, तेव्हा काही गुरं शांत होतात. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसलं यंत्र बनवलं. आपल्याकडे यंत्राची गरज नाही, आजीची जड वाकळ आहे. मात्र ती त्याला हवी असेल तेव्हाच, तोंड उघडं ठेवून आणि त्याला स्वतःला काढून टाकता येईल अशी. तान्ह्या बाळावर जड पांघरूण कधीही घालू नये.

जे मूल आपटत फिरतं त्याला 'शांत बस' सांगून उपयोग नसतो. त्याच्या स्नायूंना काम हवं असतं. पाण्याची बादली उचलायला सांगा, कणीक मळायला द्या, किराण्याची पिशवी त्याच्या हाती द्या, गाद्या ओढून घालायला लावा. अभ्यासाला बसण्याआधी दहा मिनिटं असं काम झालं की ते मूल जास्त वेळ टिकून बसतं, असा आमचा अनुभव आहे. आणि ज्या मुलाला लागलेलं कळत नाही, त्याच्या बाबतीत घरातल्यांनी दुप्पट सावध राहावं. आंघोळीचं पाणी आपण हात घालून पाहावं, पडल्यावर 'रडला नाही म्हणजे लागलं नाही' असं धरू नये.

जेवणाच्या बाबतीत जबरदस्ती उलटते. जो पदार्थ जमत नाही तो ताटाच्या कडेला नुसता ठेवायचा. आज बघ, उद्या वास घे, परवा बोट लाव. आमच्याकडे गाजराला जिभेपर्यंत पोचायला चार महिने लागले. पण मूल चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच खात नसेल, वजन घटत असेल किंवा घास अडकत असेल, तर घरच्या प्रयोगांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावं.

आता त्या आकांताविषयी, कारण घरच्यांची खरी कसोटी तिथे असते. हट्ट आणि हा आकांत बाहेरून सारखे दिसतात, पण ओळखता येतात. हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे पाहतं, हवी ती वस्तू मिळाली की थांबतं, कुणी बघत नसलं तरी थांबतं. आकांतातलं मूल वस्तू दिली तरी थांबत नाही, त्याला थांबता येतच नाही, आणि संपल्यावर ते गळून जातं, पुष्कळदा झोपी जातं. त्या वेळी समजावणं, ओरडणं, अटी घालणं, सगळं वाया जातं, कारण आपले शब्दही त्याच्या डोक्यातल्या गोंगाटात भरच घालतात. अशा वेळी बोलणं कमी करायचं, दिवा मालवायचा, माणसं बाजूला करायची, आणि त्याला चालत असेल तर जवळ बसून राहायचं. काय चुकलं, काय करायचं, हे बोलणं शांत झाल्यावर, हवं तर दुसऱ्या दिवशी.

सणावारांचं कसं करायचं, हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या घरात येतो. आमच्याकडे ईद म्हणजे खळ घातलेला नवा कुर्ता, अत्तराचा वास आणि भेटेल त्याची गळाभेट. या मुलासाठी तिन्ही गोष्टी कठीण. म्हणून त्याचा कुर्ता आठ दिवस आधी आणून धुतात, अत्तर त्याच्या अंगाला लावत नाहीत, आणि पाहुण्यांना दारातच सांगतात, 'त्याच्याशी सलाम करा, मिठी नको.' दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकांना राग आला होता. आता तेच आधी हात पुढे करतात. गणपतीच्या मिरवणुकीला तो गच्चीवरून, मफ लावून, पंधरा मिनिटं येतो. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत मामा गोष्टी सांगत बसतो. सण टाळायचा नाही, त्याला झेपेल एवढा द्यायचा.

शाळेचा अनुभव आधी कडू होता. नातवाच्या पहिल्या शाळेत तो प्रार्थनेच्या रांगेत मागच्या मुलाला ढकलतो म्हणून रोज उभं राहण्याची शिक्षा व्हायची. खरं तर मागच्याचा हात पाठीला लागला की तो दचकत असे. त्याला दुसऱ्या शाळेत घातलं. तिथे माझ्या मुलीनं बाईंना एका पानावर चार ओळी लिहून दिल्या. रांगेत याला शेवटी उभं करा. पंख्याखाली किंवा दाराजवळ बसवू नका. वह्या वाटायचं, फळा पुसायचं काम याला द्या. घंटा होण्याआधी खूण करा. बाईंनी चारही गोष्टी केल्या, आणि रोजच्या तक्रारी बंद झाल्या. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकांना किती व्याप असतो याची मला जाणीव आहे. पण या चार गोष्टींना वेळ लागत नाही. आणि मुलाला मारणं किंवा मानसिक छळ करणं, हे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं बंदच केलं आहे. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ही अडचण स्वतंत्रपणे नाही, ऑटिझम आहे. त्यामुळे फक्त एवढीच अडचण असलेल्या मुलाला प्रमाणपत्र मिळत नाही, त्याला मिळायचं ते शिक्षकाच्या समजूतदारपणावरच मिळतं.

शेवटी आईविषयी. अशा मुलाची आई कायम दोन आघाड्यांवर लढत असते. एका बाजूला मुलाचा त्रास, दुसऱ्या बाजूला लोकांच्या नजरा. माझी मुलगी एकदा म्हणाली, 'अब्बा, त्याच्या रडण्यानं मी थकत नाही, लोकांना समजावून थकते.' म्हणून घरातल्या इतरांनी, विशेषतः बापानं आणि आजी-आजोबांनी, लोकांना समजावण्याचं काम आपल्याकडे घ्यावं. आठवड्यातले दोन-तीन तास तिला पूर्ण मोकळे द्यावेत. दुसरं भावंड असेल तर त्याच्या वाट्याचा वेळ वेगळा काढावा, नाहीतर त्याच्या मनात सल राहतो.

यातली बरीच मुलं मोठी होता होता स्वतःची वाट काढायला शिकतात. काय सोसत नाही हे त्यांना शब्दांत सांगता येऊ लागतं, आणि शब्दांत सांगता आलं की अर्धा आकांत कमी होतो. आमचा नातू आता म्हणतो, 'नाना, आज माझे कान भरलेत.' आम्हाला कळतं, टीव्ही बंद करायचा. पण हे शब्द त्याच्यापाशी आले, कारण 'मला त्रास होतो' असं तो सांगायचा तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसं घरात होती. ज्याला दर वेळी 'खोटं बोलतोस' असं ऐकावं लागतं, ते मूल सांगणंच सोडून देतं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. उद्या एखाद्या लग्नात, एस.टी.त किंवा दवाखान्यात असं किंचाळणारं मूल दिसलं, तर त्याच्या आईकडे रोखून पाहू नका, सल्लाही देऊ नका. जमलं तर तिला बसायला कोपऱ्यातली जागा द्या. वाजणारं काही तुमच्या हातात असेल तर ते जरा हळू करा. आणि 'काही मदत करू का?' एवढं हलक्या आवाजात विचारा.